स्टेरॉइड मलमांचा सुरक्षित वापर

स्टेरॉइड मलम : इसब, सोरायसिस, स्पर्शजन्य त्वचादाह यांसारख्या विकारांत त्वचेची लाली, सूज आणि खाज कमी करण्यासाठी वरून लावायचे औषध. बोलीत त्याला नुसते ‘ट्यूब’ म्हणतात आणि निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो. मेडिकलच्या फळीवर शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन ट्यूबांच्या ताकदीत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी 1952 मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड त्वचेवर लावून त्याचा गुण दाखवून दिला. तोवर इसबावर डांबराची मलमे आणि थंड पट्ट्या यांपलीकडे फारसे काही हाती नव्हते. स्टेरॉइड पेशींत शिरून दाह पेटवणाऱ्या रसायनांची निर्मिती रोखते आणि बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे लाली झपाट्याने उतरते. मात्र त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजनची निर्मितीही ते मंदावते. गुण आणि अपाय हे असे एकाच ट्यूबमधून येतात, म्हणून कोणते मलम, कुठे, किती आणि किती दिवस हे चारही प्रश्न सुटल्याशिवाय ती उघडू नये.

ताकद टक्क्यांवरून कळत नाही. हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का हे सौम्य मलम आहे, तर क्लोबेटासोल 0.05 टक्का हे सर्वांत जहाल गटातले. आकडा लहान म्हणून औषध हलके, असे समजून क्लोबेटासोल चेहऱ्याला लावणारी माणसे कमी नाहीत. मोमेटासोन आणि बीटामेथासोन व्हॅलरेट ही मलमे ताकदीने या दोहोंच्या मधली. क्लोबेटासोल मोठ्या माणसांतही सलग दोन आठवड्यांहून जास्त आणि आठवड्याला 50 ग्रॅमहून अधिक वापरू नये असा दंडक आहे.

जागेचा फरक तर याहून मोठा. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी 1967 मध्ये हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या निरनिराळ्या भागांतून किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या पुढच्या भागातले शोषण 1 धरले, तर तळपायात ते 0.14, कपाळावर 6, जबड्याच्या कडेला 13 आणि अंडकोशाच्या त्वचेत 42 भरले. टाचेच्या जाड चट्ट्यावर चालणारे मलम जांघेत किंवा पापणीवर का चालत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे. बाळाच्या डायपरखाली किंवा प्लास्टिक गुंडाळून लावले की शोषण आणखी वाढते.

किती लावायचे, याचे माप बोटावरच असते. सुमारे 5 मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, मलमाची सरळ रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम होते. एवढे मलम बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मोठ्या माणसाच्या एका पूर्ण हाताला, पंजा सोडून, 3 पेरे लागतात. पायाला, पाऊल सोडून, 6. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या चेहरा-मानेला दीड पेर, तेही मोठ्या माणसाच्याच बोटाने मोजायचे. ट्यूबचे तोंड बारीक असेल तर रेघही बारीक पडते, हे ध्यानात ठेवावे.

इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या मराठी घरात हे माप बहुधा भीतीपोटी चुकते. गुडघ्यामागे इसबाने सोललेला नातू मांडीवर असतो, आजी तांदळाच्या दाण्याएवढे मलम बोटावर घेते आणि एवढ्याशा औषधाला वीतभर जागा फिरवून आणते. सून म्हणते, “आई, डॉक्टरांनी पूर्ण पेरभर सांगितलंय.” उत्तर तयार असते, “अगं, स्टेरॉइड आहे ते, नावापुरतंच लावावं.” चट्टा अर्धवट बसतो, चार दिवसांनी पुन्हा फुलतो, आणि महिनोन्‌महिने तेच चालते. तज्ज्ञाने सांगितलेले मलम, सांगितलेल्या मापाने, थोडेच दिवस लावणे हे त्या मुलाच्या हिताचे. रात्ररात्र खाजवून रक्त काढणारे मूल ही छोटी गोष्ट नाही. आजीची भीती मात्र मोडीत काढू नये, कारण तिने शेजारपाजारी बिघडलेले चेहरे पाहिलेले असतात.

ते चेहरे बिघडतात गोरेपणाच्या हौसेने. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण वांगावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक आठवडे द्यायचे असते. ते क्रीम म्हणून रोज चोळले की आधी चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव येते, उन्हात आग होते. मलम थांबवताच लाली उसळते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आहे, ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’. अशा वेळी मलम एकाएकी फेकून न देता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. ते कसे उतरवत आणायचे हे तेच ठरवतील.

दुसरी मोठी चूक गजकर्णाची, ज्याला इंदुरी मराठीत सर्रास हिंदीतला ‘दाद’ म्हणतात. माळव्याच्या पावसाळ्यात ओले कपडे अंगावर वाळतात आणि जांघेत, कमरेला बुरशी धरते. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि जहाल स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते, पण स्टेरॉइडने त्या जागेचा प्रतिकार दाबलेला असतो. बुरशी आत पसरते, वर्तुळाची ठसठशीत कडा पुसली जाते आणि डॉक्टरांनाही रोग ओळखू येईनासा होतो. कड लाल, पापुद्रेदार आणि मध्यभाग निवळलेला असा गोल चट्टा दिसला, तर घरातली स्टेरॉइडची ट्यूब हाती घेऊ नये. ती पाहुण्याला, शेजाऱ्याला किंवा दिराला उसनीही देऊ नये.

रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीनंतर, राजवाडा परिसरात गुलाल-पाण्याने माखलेले चेहरे घरी परततात आणि दुसऱ्या दिवशी काहींची गाल-मान तापते, खाजते. टिकलीच्या डिंकाने कपाळावर उठणारा गोल चट्टा किंवा खोट्या दागिन्यांतल्या निकेलने मानेवर उठणारी पट्टी हीही याच जातीची, म्हणजे स्पर्शजन्य त्वचादाहाची. इथे पहिला उपाय म्हणजे ती वस्तू दूर करणे. ती अंगावर ठेवून मलम लावत बसणे म्हणजे गळक्या नळाखाली फडके पसरणे.

बाकी रीत साधी आहे. बहुतेक मलमे दिवसातून एकदाच पुरतात. माळव्याच्या कोरड्या हिवाळ्यात त्वचा मऊ ठेवणारे क्रीम भरपूर लावावे. ते आणि स्टेरॉइड यांत 20-30 मिनिटांचे अंतर ठेवावे. जाड, कोरड्या चट्ट्याला तेलकट ऑइंटमेंट, पाझरत्या जागेला क्रीम, डोक्याला लोशन. चट्टे बसल्यावरही वारंवार उलटणाऱ्या इसबात आठवड्यातून दोन दिवस जुन्या जागी मलम लावण्याची पद्धत तज्ज्ञ सुचवतात. चेहऱ्यासाठी किंवा दीर्घ उपचारासाठी टॅक्रोलिमस हा स्टेरॉइड नसलेला पर्याय आहे.

2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीविना विक्रीची असलेली सवलत काढून घेतली आणि ती शेड्यूल एच मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आली. डब्यावर ‘आरएक्स’ ही खूण दिसली की चिठ्ठी हवीच. पापणीवर दीर्घकाळ मलम लागले असेल तर डोळ्यांचा दाब आणि मोतीबिंदू यांची तपासणी करून घ्यावी. दाब वाढून होणारा काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, म्हणून तक्रार उद्‌भवण्याची वाट पाहू नये.