बांधाच्या आतलं पाणी

हिवाळ्यात नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या मागच्या उथळ पाण्यात थापट्या, तलवार बदक, भुवई बदक अशी पाहुणी बदकं उतरतात. फावड्यासारखी चोच पाण्यावर सपाट धरून थापट्या गोल फिरतो, पाणी गाळतो. पण कॅमेरे वळतात फ्लेमिंगोंकडे. चिखलात टोचा मारत फिरणाऱ्या बाकचोच तुतारी या किनारपक्ष्याकडेही कुणी बघत नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने २०२४ मध्ये तिला 'असुरक्षित' ठरवलं, तरीही.

हे पाणी निव्वळ निसर्गाची करणी नाही. आगरी-कोळ्यांनी खाडीला बांध घालून खारजमिनीत भात पिकवला, मिठागरं केली. बांधाला उघाडी असे: ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायची, भरतीला खारं पाणी अडवायची. १९४८ मध्ये खारजमिनींसाठी कायदाही झाला. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, जमिनी संपादित झाल्या. शेती थांबली की बांधाकडे लक्ष राहत नाही आणि खाडी आत शिरते. नवं शहरही सखल जागीच वसलं, म्हणून भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारे, डच धर्तीचे धारण तलाव खोदले गेले. उघाडीचंच तत्त्व, फक्त सिमेंटमध्ये.

पक्ष्यांना हे सोयीचं पडलं. भरतीत खाडीचा चिखल बुडाला की टेकायला जागा उरत नाही. तेव्हा फ्लेमिंगो नि किनारपक्षी जवळच्या वसाहती-संस्थांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एनआरआय, टीएस चाणक्य आणि डीपीएस या तलावांवर येतात. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. भरतीतले हे तलाव मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेरच राहिले.

तिथूनच भांडण सुरू होतं. एनआरआय वसाहतीमागे गोल्फ कोर्स आणि घरं येणार होती. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अडवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डीपीएस तलावाचं दुखणं वेगळं. तिथे भराव टाकायचीही गरज पडली नाही. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तळं आटलं, शेवाळ साचलं. २०२४ च्या उन्हाळ्यात परिसरात फ्लेमिंगो मेले, तेव्हा कुठे सरकारी समिती नेमली गेली. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. बाकीच्या दोन जागांना तसं संरक्षण अजून मिळालेलं नाही.