गुंतवणूक आज, उत्पादकता कधी?

डेटा सेंटरमध्ये अमुक हजार कोटींची गुंतवणूक होणार, अशी बातमी आली की देश तेवढ्या रकमेने श्रीमंत झाला असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सर्व्हर आणि चिप परदेशातून आणल्या असतील, तर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या हिशेबात त्यांची किंमत एकदा गुंतवणूक म्हणून मिळवली जाते आणि आयात म्हणून तितकीच वजा होते. त्या यंत्रांमुळे कामाच्या दर तासामागे अधिक उत्पादन होऊ लागले, तरच खरा लाभ पदरात पडतो.

त्याला किती वेळ लागतो, हे अमेरिकेने अनुभवले आहे. संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये लिहिले. तेथील श्रम-उत्पादकता, म्हणजे कामाच्या दर तासामागचे उत्पादन, १९७३ पासून वर्षाला जेमतेम दीड टक्क्याने वाढत होती; १९९५ नंतर सुमारे दहा वर्षे हा वेग जवळजवळ दुप्पट झाला आणि पुन्हा मंदावला.

या विलंबाचे स्पष्टीकरण देताना आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेच्या इतिहासाकडे बोट दाखवले. एडिसनचे न्यूयॉर्कमधील वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, तरी १९०० च्या सुमारास अमेरिकी कारखान्यांतील यांत्रिक शक्तीचा जेमतेम वीसावा हिस्सा विद्युत मोटरींतून येत होता. वाफेच्या कारखान्यात एकच इंजिन छताखालचा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरवी आणि पट्ट्यांद्वारे प्रत्येक यंत्राला गती मिळे. म्हणून यंत्रांची जागा कामाच्या क्रमाने नव्हे, तर शाफ्टच्या सोयीने ठरे, आणि एकच यंत्र चालवायचे असले तरी सगळा शाफ्ट फिरवावा लागे. मालकांनी आधी इंजिन काढून तेथे एक मोठी मोटर बसवली; त्याने इंधन थोडे वाचले, एवढेच. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर मिळाली, बहुमजली इमारतींऐवजी एकमजली कारखाने उभे राहिले आणि कच्चा माल एका टोकाने शिरून पक्का होऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडू लागला, तेव्हा कुठे, १९२० च्या दशकात, उत्पादकतेने उसळी घेतली.

कागदी अर्ज संगणकावर आणून त्यावर पूर्वीइतक्याच सह्या घेणारे कार्यालय अजून मोठ्या मोटरीच्या टप्प्यावर आहे. (कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे अर्थव्यवस्थेत किती भर पडेल हे दशांशचिन्हासह सांगणाऱ्या अहवालांना वार्षिक राशिभविष्याइतकेच महत्त्व द्यावे.)

मोजमापाची अडचण वेगळीच आहे. कामाची फेरमांडणी आणि प्रशिक्षण यांवरील खर्च ही खरे तर भांडवली गुंतवणूक. पण तिचा बराचसा भाग हिशेबात चालू खर्च म्हणून जातो. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत उत्पादकता प्रत्यक्षाहून कमी भासते आणि पुढे, ते न मोजलेले भांडवल फळ देऊ लागले की, प्रत्यक्षाहून जास्त.