पडद्यावरची 'सूज' आणि 'दाह' यांची गल्लत

वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, हे मधुमेहाच्या घरात कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. घोळ होतो तो पुढे. डॉक्टर ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, बघून म्हणतात, "पडद्यावर सूज आहे." घरी येईपर्यंत त्या सुजेचा दाह झालेला असतो. मग कुणी हळदीचं दूध सुचवतं, कुणी पाय मुरगळला तेव्हाची उरलेली गोळी काढून देतं. ऐकून माझं डोकं फिरतं.

दोष थोडा आपल्या बोलण्याचाही आहे. पाणी साचलं तरी सूज आणि दाह झाला तरी सूजच! डोळे येतात तेव्हा लाली, चुरचुर, चिपडं असा दाह उघड दिसतो. पडद्यावर सूज असते तेव्हा डोळा बाहेरून स्वच्छ, दुखणं नाही. फक्त वाचताना अक्षरं धूसर किंवा वाकडी दिसतात. गळक्या वाहिन्यांतून झिरपलेलं पाणी पडद्याच्या ऐन मध्यात, मॅक्युलात, साचतं. भिंतीला ओल यावी तसं. दाह हे त्या गळतीचं एक कारण आहे, एकमेव नाही.

उपचार ठरतात ते इथे. पांढऱ्या पेशी वाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, वाट तुंबते, पुढे प्राणवायू कमी पडतो. मग पडद्यात व्हीईजीएफ नावाचं प्रथिन वाढतं. ते वाहिन्या आणखी गळक्या करतं, वर आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतं. कुठल्या डोळ्यात दाहाचा जोर जास्त आणि कुठल्यात व्हीईजीएफचा, हे बाहेरून कळत नाही. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट किंवा त्यांच्याहून स्वस्त बेवासिझुमॅब ही डोळ्यात टोचायची औषधं व्हीईजीएफला अडवतात. बहुतेकांची सुरुवात यांनीच होते. स्टेरॉइड, उदाहरणार्थ डोळ्यात सोडायची डेक्सामेथासोनची ०.७ मिलिग्रॅमची कांडी, दाहाच्या रसायनांवर आणि व्हीईजीएफवरही काम करते.

मग सगळ्यांना स्टेरॉइडच का नाही? कारण त्याने मोतीबिंदू लवकर पिकतो आणि डोळ्याचा दाब चढू शकतो. शिवाय २०१८च्या एका अमेरिकी चाचणीत रॅनिबिझुमॅबनेही न हटलेल्या सुजेवर ही कांडी जोडून पाहिली. ओसीटीवर पडद्याची सूज जास्त उतरलेली दिसली, पण सरासरी नजर काही जास्त सुधारली नाही. म्हणून नुसत्या ओसीटीच्या आकड्यावर खूश होणाऱ्यांचं मला कौतुक नाही. तरीही स्टेरॉइडला 'शेवटचा उपाय' म्हणून बाजूला ठेवणं मला पटत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालंय आणि काचबिंदू नाही, अशा डोळ्यासाठी त्याचा विचार लवकर व्हावा.

(स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर भडकते. डोळ्यातल्या कांडीने सहसा नाही.)

आणि दाहाची गोळी गिळून पडदा सुधारण्याचं म्हणाल, तर अमेरिकेत ३,७११ रुग्णांवर ते तपासून झालंय. निम्म्यांना रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. १९९१ साली निकाल छापून आला, तेव्हा रेटिनोपथीच्या, म्हणजे मधुमेहाने पडद्याला होणाऱ्या आजाराच्या, वाटचालीत फरक नव्हता. डोळ्यातला रक्तस्रावही वाढलेला नव्हता. त्यामुळे हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन लावलं असेल, तर डोळ्याच्या धास्तीने ते परस्पर बंद करू नका.