४० चा बॉल आणि ४०+ चा बॉल: माप कुठलं, माल कुठला

मे महिन्यात परभणीच्या आमच्या हॉलवर टेबल टेनिसचं शिबिर सुरू झालं की कुणी ना कुणी पालक विचारतातच, "सर, बॉल पुन्हा मोठा केला म्हणे? अडतीसचा चाळीस केला, आता चाळीस प्लस. अजून किती मोठा करणार?" दुकानदारही गिऱ्हाइकाला हेच सांगतो. बॉल दोनदा बदलला हे खरं. पण दोन्ही वेळा एकाच कारणाने बदलला, हे साफ खोटं.

अडतीसचा चाळीस कसा झाला हे बहुतेकांना ठाऊक आहे. २००० चं सिडनी ऑलिंपिक ३८ मिलिमीटर व्यासाच्या बॉलवर झालं, मग लगेच ४० आला आणि वजन २.५ ग्रॅमवरून २.७ झालं. खेळ फार वेगवान झाला होता, टीव्हीवर बॉल दिसेना. मोठा बॉल हवेत जास्त अडतो. बॅट पुढे पळते आणि नियम मागून येऊन तिला आवरतो, ही या खेळाची जुनीच रीत. १९५२ मध्ये मुंबईत हिरोजी सातो स्पंजच्या बॅटने जगज्जेता झाला आणि १९५९ मध्ये रबर-स्पंजच्या जाडीवर मर्यादा आली. २१ गुणांचा गेम २००१ मध्ये ११ चा झाला, तोही सामना बघणाऱ्याला रंगतदार वाटावा म्हणूनच.

२०१४ चा बदल मात्र खेळाच्या बाहेरून आला. जुना बॉल सेल्युलॉइडचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. फुटका जुना बॉल नाकाशी धरा, देवघराचा वास येतो. पेटतोही तसाच, भसकन. कारखान्यात धोका, विमानाने पाठवायचा तर धोकादायक मालात गणती. म्हणून प्लास्टिक आलं. लंडन ऑलिंपिक सेल्युलॉइडवर झालं, रिओ प्लास्टिकवर.

मग ते अधिकचं चिन्ह कशाला? गाडी अडते ती इथेच. ४०+ ही नव्या मालाची खूण आहे. नियमात व्यास ४० मिलिमीटर आणि वजन २.७ ग्रॅम होतं, २०१४ नंतरही तेच राहिलं. पण कारखान्यातून निघालेला प्रत्येक बॉल नेमका चाळीस भरत नाही, त्यामुळे मान्यता देताना थोडी सूट धरतात. सेल्युलॉइडला ३९.५ ते ४०.५ चालायचं. प्लास्टिकला ४०.० ते ४०.६ ठरलं. खालची हद्द अर्ध्या मिलिमीटरने वर सरकली. जुना "चाळीस" चाळीसच्या आत असला तरी चालत होता, नव्याला ती मुभा नाही.

म्हणून "नवा बॉल हाताला मोठा लागतो" म्हणणारं पोरगं बरोबर आहे, आणि "माप वाढवायला नियम बदलला" म्हणणारे त्याचे वडील चूक. मी एकदा बारावीच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर आणून मुलांच्या हातात दिला. बॉल न दाबता, फिरवून तीन ठिकाणी मोजायला लावला. जुना ३९.७ भरला, नवा ४०.२. सगळा वाद या अर्ध्या मिलिमीटरचा.

बॉलवरच्या तीन ताऱ्यांचा यात काही संबंध नाही. ती निवडीची प्रत आहे, ती सेल्युलॉइडलाही होती. पांढरा की नारिंगी, यानेही फरक पडत नाही.

मला खरी चीड येते ती दोन्ही बॉल एकाच डब्यात टाकण्याची. उरलेला जुना माल संपवायचा म्हणून सरावाला सेल्युलॉइड आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत प्लास्टिक, हा लेकरांवर अन्याय आहे. गुळगुळीत नव्या बॉलवर फिरकी तेवढी बसत नाही. आमच्या एका मुलीची आखूड सर्व्हिस आमच्या हॉलवर टेबलाच्या समोरच्या बाजूला दोन टप्पे घ्यायची. स्पर्धेत तीच लांब जायला लागली, आणि समोरचीने प्रत्येक सर्व्हिस उचलून मारली. पोरीला वाटलं आपला हातच बिघडला. हात ठीक होता, बॉल दुसरा होता.

त्या रात्री मी डबा जमिनीवर ओतला आणि एकेक बॉल ट्यूबलाइटखाली धरून निवडला. सेल्युलॉइडचे सगळे बाजूला काढले. मुलांना दाखवण्यापुरते दोन ठेवलेत, ते कपाटात, पत्र्याच्या छतापासून आणि उन्हाच्या खिडकीपासून लांब.