चाल बदलते, तरी शब्द का कळतात?

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक १९६७ च्या अखेरीस रंगभूमीवर आले. त्याचे संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत बांधले होते: एक नाटकातल्या पंडितजींच्या घराण्याची, संथ, दुसरी त्यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या खाँसाहेबांच्या घराण्याची, चपळ. यांतली उजवी कोणती, यावर रसिक आजही वाद घालतात. ध्वनिविज्ञानाच्या दृष्टीने मात्र हा आयता प्रयोगच आहे, कारण शब्द तेच ठेवून स्वर, लय आणि गळ्याची फिरत बदलली, तरी ‘मकरंद’ हा ‘मकरंद’च ऐकू येतो.

याचे कारण असे की स्वर आणि अक्षर एकाच जागी घडत नाहीत. स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात, यावर स्वराची उंची ठरते आणि त्याच कंपनातून मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वरही निघतात. त्यांतले काही उपस्वर घशाची आणि तोंडाची पोकळी उचलून धरते, काही दाबून टाकते. जीभ, जबडा आणि ओठ या पोकळीला जो आकार देतात, त्यावर आपला ‘आ’, ‘ई’ किंवा ‘ऊ’ ठरतो. ‘आ’ म्हणताना पोकळीचा पहिला अनुनाद, म्हणजे ती सर्वांत खालचा जो पट्टा उचलून धरते तो, साधारण ७०० ते ८५० हर्ट्झचा (सेकंदाला तितकी कंपने) असतो, ‘ई’ म्हणताना तो ३०० च्या आसपास उतरतो. पडताळा हवा असेल, तर ‘आई’ हा शब्द कुजबुजून पाहावा. स्वरतंतू कंप पावत नसल्यामुळे स्वर नाहीसा होतो, पण दोन्ही अक्षरे स्वच्छ कळतात.

या सोयीला एक मर्यादा आहे आणि चाल बांधणाऱ्याचा खरा कस तिथे लागतो. काळी पाच या पट्टीत गाणाऱ्या स्त्रीचा मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला ‘सा’, सुमारे २३३ हर्ट्झचा असतो, म्हणजे वरच्या सप्तकातला तार षड्ज दुप्पट, ४६६ चा आणि त्याचा पुढचा उपस्वर थेट ९३२ चा. ‘ई’ला जिथे बळ हवे, त्या ३०० च्या आसपास उचलून धरायला काहीच उरत नाही. मग गायिका जबडा थोडा उघडते आणि ‘ई’ ‘ए’कडे झुकते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार षड्ज २७७ हर्ट्झचा असल्याने त्याच्यापुढे ही अडचण त्याहून वर गेल्यावर येते. ‘आ’ मात्र या उंचीवरही तग धरतो. ताना आकारात, म्हणजे ‘आ’ या उच्चारावर, घेण्याच्या रिवाजामागे इतरही कारणे आहेत, पण हे त्यांतले एक मानायला हरकत नाही. तार सप्तकातला लांब ठेहराव ‘ई’वर टाकला, की कवीचा शब्द हरवलाच म्हणायचा.

अभिषेकींना हे कोणी हर्ट्झमध्ये शिकवले नसणार. २१ सप्टेंबर १९२९ रोजी गोव्यात मंगेशी येथे त्यांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार होते, आणि कीर्तनात अभंगाचा शब्द श्रोत्याला कळला नाही, तर पुढचे निरूपण अडते. गिरिजाबाई केळेकर, अझमत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहित अशा गुरूंकडे ते शिकले. यांतले जगन्नाथबुवा आग्रा घराण्याचे, आणि त्या घराण्यात बोलांच्या, म्हणजे बंदिशीतल्या शब्दांच्या, मांडणीला मोठे स्थान. मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात त्यांनी काही काळ काम केले, १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९६६ साली ‘ययाति आणि देवयानी’ या नाटकांना संगीत दिले. पद लांबवत नेण्याची जुनी रीत सोडून त्यांनी ते आटोपशीर ठेवले. माझ्या मते, शब्दाला त्याची जागा परत मिळाली ती इथे. पुढे १९८८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कोकणात आणि गोव्यात देवळांच्या उत्सवांत मोकळ्या मांडवातही संगीत नाटके होत आली आहेत. तिथले हवामान शब्दाच्या बाजूचे आहे. ‘स’, ‘छ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख ज्या उंच वारंवारतांवर अवलंबून असते, त्या कोरड्या हवेत लवकर विरतात, समुद्रकाठच्या दमट हवेत तितक्या नाही. शिवाय निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि आवाज वर निसटण्याऐवजी खाली वळतो, त्यामुळे मांडवाबाहेर उभ्या असलेल्यालाही पद ऐकू येते. हल्ली मात्र ध्वनिक्षेपकावर खर्जाचा पट्टा इतका चढवलेला असतो, की तबल्याचा डग्गा अर्ध्या वाडीला ऐकू जातो आणि ‘छंद’मधला ‘छ’ पहिल्या रांगेलाही नीट पोचत नाही.