मार्शल-गिल्बर्ट: 1942 चा छापा आणि 1943-44 ची मोहीम

पॅसिफिक युद्धाबद्दल मराठीत लिहिलेलं वाचताना एक घोटाळा वारंवार दिसतो. ‘अमेरिकेने मार्शल आणि गिल्बर्ट बेटांवर हल्ला केला’ एवढं वाक्य येतं आणि पुढच्या मजकुरात दोन वेगळ्या घटना एकमेकींत मिसळतात. चूक होण्यासारखीच आहे. बेटं तीच, एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका दोन्हीकडे, आणि तारीखही जुळते: मार्शलमधल्या क्वाजालीनवर पहिले बॉम्ब पडले 1 फेब्रुवारी 1942 ला, आणि त्याच प्रवाळद्वीपातल्या मुख्य बेटांवर अमेरिकी सैन्य उतरलं बरोबर दोन वर्षांनी, 1 फेब्रुवारी 1944 ला.

पण पहिला होता छापा आणि दुसरी होती भूमी जिंकण्याची मोहीम. गडाखाली रात्री छापा घालून पहाटेच्या आत निघून जाणं आणि गडावर निशाण चढवून शिबंदी बसवणं, यांत जेवढं अंतर तेवढंच इथे आहे.

आधी छाप्याचं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. युद्धनौकांचा ताफा जायबंदी होता, विमानवाहू नौका मात्र त्या दिवशी बंदराबाहेर असल्यामुळे वाचल्या होत्या. पॅसिफिक ताफ्याचे नवे सरसेनापती चेस्टर निमिट्झ यांनी त्याच पुढे काढल्या. सामोआला मरीन सैनिकांची कुमक पोचवणाऱ्या जहाजांना संरक्षण देऊन झाल्यावर दोन ताफे वायव्येकडे वळले. विल्यम हॅल्सी एंटरप्राइझवरून क्वाजालीन, वोत्जे आणि मालोएलापवर गेले. फ्रँक जॅक फ्लेचर यॉर्कटाउनवरून जालुइत, मिली आणि गिल्बर्टमधल्या माकिनवर. मार्शल बेटं पहिल्या महायुद्धापासून जपानच्या ताब्यात होती. गिल्बर्ट ब्रिटिशांची, ती जपानने डिसेंबर 1941 मध्ये घेतली होती.

त्या दिवशी सगळं मनासारखं झालं नाही. पहाटेच्या धुक्यात क्वाजालीनमधलं रोई बेट ओळखायला वैमानिकांना वेळ लागला, तेवढ्यात जपानी सावध झाले, आणि हल्ल्याचं नेतृत्व करणारे स्क्वाड्रन प्रमुख हॉलस्टेड हॉपिंग तिथेच मारले गेले. जालुइतवर यॉर्कटाउनच्या विमानांना वादळी हवेने गाठलं. मालोएलापमधल्या तारोआवर तोफा डागणाऱ्या चेस्टर या क्रूझरवर बॉम्ब पडून आठ जण गेले. दुपारी जपानी बॉम्बफेकी विमानं एंटरप्राइझवर आली. त्यांतलं एक जखमी विमान थेट डेकवर कोसळवण्याचा प्रयत्न झाला. ब्रूनो गाइडो नावाचा विमानातला तोफची उभ्या विमानात चढला आणि त्याच्या मागच्या मशीनगनमधून अखेरपर्यंत गोळ्या झाडत राहिला. कोसळणाऱ्या विमानाने त्या विमानाचं शेपूट तोडलं आणि ते समुद्रात पडलं. गाइडो वाचला. पुढे मिडवेच्या लढाईत तो जपान्यांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याला ठार केलं.

नुकसान किती झालं? वैमानिकांनी सांगितलं त्याहून पुष्कळ कमी. काही मध्यम व छोटी जहाजं बुडाली, कातोरी ही क्रूझर जायबंदी झाली आणि क्वाजालीनचे जपानी तळप्रमुख रिअर ॲडमिरल युकिची याशिरो मारले गेले. संध्याकाळी ताफे परत निघाले. एकही बेट अमेरिकेच्या हाती आलं नव्हतं, आणि ते घ्यायचं असं कोणी ठरवलेलंही नव्हतं.

म्हणून बुडालेल्या टनांवरून हा छापा मोजणं मला चुकीचं वाटतं. या माणसांनी त्याआधी खऱ्या शत्रूवर विमानवाहू नौकांचा हल्ला केलेलाच नव्हता. विमानं कशी पाठवायची, नौकेवरच्या विमानविरोधी तोफा किती अपुऱ्या आहेत, क्रूझर किनाऱ्याजवळ नेल्यावर काय होतं, हे त्या एका दिवसात कळलं. त्याच हंगामात वेक आणि मार्कस बेटांवर, न्यू गिनीतल्या लाए-सालामाउआवर छापे पडले आणि एप्रिलमध्ये डूलिटलचा टोकियोवरचा हल्ला झाला. जून 1942 मध्ये मिडवेला जे वैमानिक उडाले, त्यांतल्या अनेकांची पहिली परीक्षा मार्शलवर झाली होती.

दुसऱ्या घटनेचं प्रमाणच निराळं. 20 नोव्हेंबर 1943 ला गिल्बर्टमधल्या तारावा आणि माकिनवर सैन्य उतरलं. तारावातलं बेतिओ हे तीनेक किलोमीटर लांबीचं बेट जिंकायला 76 तास लागले आणि सुमारे हजार मरीन मारले गेले. भरतीचं पाणी पुरेसं चढलं नाही, होड्या प्रवाळावर अडकल्या आणि सैनिकांना गोळीबारातून पाण्यातून चालत जावं लागलं. बेतिओ इतकं भक्कम का झालं होतं, याचं एक कारण मधल्या काळात आहे. ऑगस्ट 1942 मध्ये कार्लसनच्या मरीन रेडर्सनी, म्हणजे मरीन सैनिकांच्या छापामार तुकडीने, पाणबुड्यांतून येऊन माकिनवर छापा घातला होता आणि त्यानंतर जपानने गिल्बर्ट बेटांची तटबंदी जोरात सुरू केली. हा माकिनचा छापाही फेब्रुवारीतल्या छाप्यात मिसळला जातो. तो वेगळा धरावा.

तारावाचा धडा घेऊन मार्शलची मोहीम आखली गेली. जानेवारी 1944 च्या अखेरीस मार्क मिट्शर यांच्या टास्क फोर्स 58 या ताफ्यात बारा विमानवाहू नौका होत्या. दोन वर्षांपूर्वी दोन होत्या. क्वाजालीनवर तोफांचा आणि बॉम्बचा इतका मारा झाला की अमेरिकेचे चारशेहून कमी लोक गेले, जपानी शिबंदी मात्र जवळजवळ सगळी संपली. या साऱ्याची सूत्रं रेमंड स्प्रूअन्स यांच्याकडे होती. छाप्याच्या दिवशी वोत्जेवर तोफा डागणाऱ्या क्रूझरचे प्रमुखही तेच होते, त्यामुळे स्प्रूअन्स हे नाव दिसलं म्हणून वर्ष ठरवता येत नाही. यॉर्कटाउनवरूनही नाही: 1942 ची यॉर्कटाउन मिडवेला बुडाली, 1944 ची त्याच नावाची नवी नौका होती. हॅल्सी आणि फ्लेचर एकत्र दिसले, तर मात्र 1942 समजायला हरकत नाही.

आणखी एक फरक सहसा सांगितला जात नाही. छाप्यात लक्ष्य केलेल्या सहा ठिकाणांपैकी मोहिमेत फक्त क्वाजालीन आणि माकिन जिंकली गेली. वोत्जे, मालोएलाप, जालुइत आणि मिली निमिट्झ यांनी मुद्दाम वगळली. तिथल्या शिबंदीची रसद तुटली, वरून बॉम्ब पडत राहिले, उपासमारीने माणसं मेली, आणि त्या चारही बेटसमूहांनी शरणागती पत्करली ती जपान हरल्यावर, 1945 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात.