छोट्या रुग्णालयाला कंप्लायन्स ऑफिसर कशासाठी?
(नर्सिंग होम आणि सोनोग्राफी केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी माहितीपत्रक)

डॉक्टर, पंधरा-वीस खाटांच्या रुग्णालयाला किती परवाने सांभाळावे लागतात हे तुम्हाला सांगायला नको. नर्सिंग होमची नोंदणी तीन वर्षांची, सोनोग्राफीची पाच वर्षांची. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळ, एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ (एईआरबी), अग्निशमन. बहुतेक ठिकाणी हे सगळं डॉक्टर स्वतःच ओपीडी आटोपल्यावर रात्री बघतात. परवान्यांच्या तारखा तेवढ्यावर सांभाळता येतात. तपासणीत माणूस अडकतो तो रोजच्या नोंदींत, आणि त्यासाठी दिवसभर रुग्णालयात असणारं, नेमून दिलेलं कुणीतरी, म्हणजे कंप्लायन्स ऑफिसर, लागतं. मोठ्या रुग्णालयांत हे वेगळं पद असतं. तुमच्याकडे अनुभवी सिस्टर किंवा मॅनेजरही ते काम पेलू शकतात.

सगळ्यात जास्त धोका एफ फॉर्मचा, म्हणजे गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला भरायच्या फॉर्मचा. पेशंटचा पत्ता अर्धवट, आधीच्या मुलांचा रकाना कोरा, सोनोग्राफीचं कारण लिहिलेलं नाही, सही राहिलेली. डॉक्टरांना ही कारकुनी चूक वाटते. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा तसं मानत नाही. कलम ४(३) प्रमाणे नोंदीतली त्रुटी हा कलम ५ (लेखी संमती आणि लिंग न सांगणं) किंवा ६ (गर्भलिंग निदानाला बंदी) चा भंगच धरला जातो, आणि तसं घडलेलं नाही हे सोनोग्राफी करणाऱ्यानेच सिद्ध करायचं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेने याला आव्हान दिलं होतं. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. म्हणून फॉर्म तपासायचा तो पेशंट बाहेर पडण्याआधी. महिन्याचा अहवाल पुढच्या ५ तारखेपर्यंत द्यायचा असतो, पण ४ तारखेच्या रात्री बसून भरलेल्या रकान्यांचा काही उपयोग नाही. पेशंट तोवर गावी गेलेली असते.

कचऱ्याचं काम वॉर्डात उभं राहूनच होतं. लाल पिशवीत सुई सापडली, तर ती मावशींच्या हातात घुसते. दंड ही नंतरची गोष्ट. सुई-ब्लेड पांढऱ्या डब्यात, सलाईनची नळी लाल पिशवीत, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे गाडी चुकली की त्याच दिवशी फोन व्हायला हवा. वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत.

आगीबद्दल आम्ही कुणाचंही मन राखत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘बी’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. ते फाईलला असलं तरी मागच्या जिन्यात जुन्या खाटा आणि सिलिंडर रचलेले असतात. तो जिना रोज बघणं हे या माणसाचं काम आहे.

दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दर्शनी भागात लावायची असते. नातेवाइकांनी केसपेपर मागितले, तर ७२ तासांत द्यायचे. वाद चिघळतात ते बऱ्याचदा इथेच, कागद लपवले जात आहेत असं वाटल्यावर.

आमचं ठाम मत असं, की या माणसाला थेट तुमच्याशी बोलता आलं पाहिजे आणि तुमच्यासमोरही ‘सर, फॉर्म पूर्ण झाल्याशिवाय रिपोर्ट देऊ नका’ असं म्हणता आलं पाहिजे. तो अधिकार लेखी द्या आणि स्टाफसमोर सांगा. अधिकार नसेल, तर तो नुसता फाईल सांभाळणारा होतो.

आम्ही तुमच्यातल्याच एका व्यक्तीला तयार करतो, तारखांचा तक्ता बसवून देतो आणि ठरावीक काळाने न कळवता येऊन नोंदी बघतो. मागच्या तारखेच्या नोंदी आम्ही लिहून देत नाही, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याशी ‘बोलणी’ही करत नाही. कायद्यापुढची जबाबदारी तुमचीच राहते.

पहिल्या भेटीला सगळी मूळ प्रमाणपत्रं, मागच्या महिन्याचे एफ फॉर्म आणि कचऱ्याचं रजिस्टर काढून ठेवा. रिसेप्शनवर बसणाऱ्या ताईंनाही त्या वेळी थांबायला सांगा, कारण पहिली नोंद त्यांच्याच हातून होते.